आठच्या आठ निळी

नब्बन मियाँच्या पिंजऱ्यात आठच्या आठ पिल्लं निळी होती. देवानंद मेश्राम तिसऱ्यांदा मोजून आले. आठच. पाटीसारखा करडा रंग, प्रत्येक पिसाला गडद काठ, पायांवर झुपके. नियमांच्या पुस्तकात निळा कोचीन कोंबडा असाच लिहिलेला असतो.

गोमती नगरच्या या कोंबड्यांच्या प्रदर्शनातला हा सगळ्यात अवघड वर्ग. एका खुडूक कोंबडीखाली जितकी पिल्लं निघतील तितकी वाढवून मांडायची, एकही गाळायचं नाही. पिल्लं निघाल्या दिवशीच प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळाचा माणूस येऊन त्यांच्या पायात नंबरी कडी घालून जातो. सगळी एका रंगाची आली तर 'शुद्ध वाण' असं प्रमाणपत्र मिळतं. देवानंदांना ते अकरा वर्षं हवं होतं. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून वृंदावन योजनेतल्या गच्चीवर त्यांनी दुसरं काही केलंच नव्हतं. पुढच्या महिन्यात बिऱ्हाड भंडाऱ्याला हलणार होतं. यंदा तर त्यांनी नावसुद्धा दिलं नव्हतं. सात पिल्लांत तीन निळी. ती कुठं मिरवायची? कंटाळून गेला होता माणूस. कमलताईंना घेऊन नुसते बघायला आले होते.

त्यांची रीत सरळ होती. निळ्या कोंबड्याला निळी कोंबडी. पिल्लं निघाली की साधारण अर्धी निळी असत. उरलेल्यांतली काही काळी, काही पांढऱ्यावर निळसर शिंतोडे उडालेली. ही उरलेली म्हणजे रक्तातला मळ, असं देवानंदांचं पक्कं मत. दरवर्षी मळ काढत जायचं, एक दिवस सगळं निळंच उरेल. अकरा वर्षांत तो मळ तसूभर कमी झाला नाही.

"जन्मल्याबरोबर रंग बघून बाहेर काढायचं, हे आपल्या घरात कुठून आलं हो?" कमलताई विचारायच्या.

"कोंबड्या आहेत त्या, कमल," असं म्हणून देवानंद टोपली भरायला घ्यायचे. टोपली न्यायला चिनहटहून नब्बन यायचा. साधा कारखान्यातला कामगार. जे मिळेल ते सायकलला बांधून खुशीत जायचा. निळं पिल्लू मात्र देवानंदांनी त्याला कधी दिलं नव्हतं. मग ही आठ आली कुठून?

देवानंद तडक परीक्षकांच्या टेबलाकडे गेले. परीक्षक म्हणजे पशुवैद्यक बाई होत्या.

"मॅडम, इसके पास नीला जोड़ा है ही नहीं. हमारी छत पर आता-जाता है. अंडे वहीं से उठाए हैं."

आजूबाजूचे चार लोक वळले. नब्बनच्या हातातला चहा तसाच राहिला. चोर म्हणवून घेण्याची त्याची ही पहिलीच वेळ असावी, कारण त्याला रागसुद्धा नीट येईना.

"साहब, अंडा एक नहीं उठाया," तो म्हणाला. "माँ-बाप दोनों साथ लाया हूँ. देख लीजिए."

त्यानं टेबलाखालच्या खुराड्यावरचं पोतं बाजूला केलं. आत एक काळा कोंबडा होता आणि एक शिंतोड्यांची कोंबडी. बाईंनी पायातली कडी वाचली, वहीशी ताडून पाहिली. दोन्ही तीन वर्षांपूर्वी देवानंदांच्याच गच्चीवर निघालेली होती.

"मेश्राम जी," बाई म्हणाल्या, "नीले से नीला लगाएँगे तो जिंदगी भर आधा ही नीला मिलेगा. काले को छींटेदार से लगाइए, तो हर बच्चा नीला."

"हमको ये सब कहाँ मालूम था," नब्बन म्हणाला. "साहब ने जो दिया, वही पाल लिया."

देवानंद टेबलापाशीच उभे राहिले. लाज वाटली, फार लाज वाटली. अकरा वर्षं आपण बरोबर हवं तेवढंच उचलून दुसऱ्याच्या टोपलीत घातलं, आणि वर त्यालाच चोर म्हटलं. प्रमाणपत्रावर नब्बनचं नाव लिहिलं जाईपर्यंत ते हलले नाहीत. मग त्याच्याजवळ गेले.

"माफ करना, नब्बन मियाँ."

"अरे, छोड़िए." नब्बननं प्रमाणपत्राची जपून घडी घातली आणि त्यालाच काही सुचलं. "इस बार भी तो निकले होंगे न, काले और छींटेदार? टोकरी के लिए आपने बुलाया नहीं, मैं राह देखता रहा. अब मुझे मत दीजिए, साहब. एक जोड़ा गाँव ले जाइए. अगले साल आपके भी सब नीले."

दोन काळी, दोन शिंतोड्यांची. देवानंदांनी मनातल्या मनात मोजलं. भंडाऱ्याच्या घरामागे जागा होती. एका खुराड्यात मावतील. इतका वेळ वाकलेली त्यांची पाठ जरा सरळ झाली. ते जवळजवळ पळतच बाकाकडे गेले. दुपार झाली म्हणून कमलताई वर्तमानपत्र पसरून डबा उघडत होत्या.

"कमल, ती चार आहेत ना अजून? मी तुला ज्यांचं म्हटलं होतं ती?"

कमलताईंनी नब्बनचं बोलणं ऐकलं होतं. त्यांनी उघडलेलं झाकण परत लावलं.

"तुम्हीच म्हणालात ना, एवढं लटांबर गाडीत कुठं न्यायचं, काय ते करून टाक. दोन परवा झाली. तुम्ही रस्सा मागून घेतलात." त्यांनी डब्यावर हात ठेवला. "उरलेली दोन यात आहेत."