ज्युनिअरची जागा

नारायणराव वकील मुद्दामच उठून आत गेले. जाता जाता चिंतामणला म्हणाले, "मुलाशी तूच बोल. तुझ्यापेक्षा चार वर्षांनीच लहान असेल." आणि दारातून एकदा डोळे मोठे करून पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ चिंतामणला कळला. न कळायला काय झालं? कालच सगळं ठरलं होतं. नवा ज्युनिअर आला, लिहिण्याचं काम त्यानं उचललं, की चिंतामणला महिना चाळीस रुपये.

समोरच्या बाकावर बाप-लेक बसले होते. बाप रंगराव, अमडापूरचा, भाजीपाला लावणारा. येताना वकिलासाठी पिशवीभर दोडके घेऊन आलेला. मुलगा गोपाळ, नागपूरहून वकिलीची परीक्षा पास होऊन आलेला. सदऱ्याची गळ्यापाशी काचणारी गुंडीसुद्धा त्यानं लावली होती.

महाराष्ट्र होऊन तीन वर्षं झाली होती आणि चिंतामणला वकील होऊनही तीनच. महाराष्ट्राचं बरं चाललं होतं. चिंतामण मात्र घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजत होता. सकाळी आठला यायचं, दावे लिहायचे, नकला काढायच्या, कोर्टात उभं राहून पुढची तारीख मागायची अन् संध्याकाळी रिकाम्या खिशानं घरी जायचं. बुलढाण्यात रीतच तशी. पक्षकार वकिलाला फी देतो, जाताना मुनशीच्या हातावरही रुपया ठेवतो. ज्युनिअरला कोणी काही देत नाही, कारण तो शिकतो आहे. मुनशी तुळशीराम चौथी पास, अन् परवा त्यानं नवी सायकल घेतली. मनाला लागायचंच ते. कोणाच्या लागणार नाही?

त्यात शारदा. चिंतामणची बायको अक्षय्य तृतीयेला माहेरी गेली ती परत आलीच नव्हती. सासऱ्यांचं पत्र मात्र आलं, दोन ओळींचं. पगार सुरू झाला की कळवा, मुलीला पोचवतो. त्यापेक्षा शिवी दिली असती तर परवडली असती. आता महालक्ष्म्या तोंडावर आल्या होत्या आणि घरात सून नाही म्हणून शेजारणी त्याच्या आईला रोज खोदून खोदून विचारत होत्या.

चिंतामणला एका जागी बसवेना. त्यानं दौत इकडची तिकडं केली. उठून खिडकी उघडली, पुन्हा लावली. परत येऊन बसला, तर पाय आपोआप हलायला लागला.

"तुम्हाला किती वर्षं झाली इथं?" गोपाळनं विचारलं.

"तीन."

"काम शिकवतात ना?"

"शिकवतात. अगदी हात धरून शिकवतात." हे खरंच होतं. नारायणराव माणूस विद्वान, त्यात वाद नाही.

"आणि महिन्याचं..." गोपाळ अडखळला. बापासमोर पैशाचं विचारायची त्याला लाज वाटली.

देतात काहीतरी, एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यावर पोरगा बसला असता. चिंतामणनं तोंड उघडलं अन् त्याची नजर गोपाळच्या मांडीवरच्या पिशवीत गेली. आत शाईची नवी बाटली होती आणि कोऱ्या कागदांची गुंडाळी. आजच कामाला बसायच्या तयारीनं आला होता बिचारा. चिंतामणचा जीव कसानुसा झाला.

"काही नाही," तो आत ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाला. "तीन वर्षांत मला एक पैसा मिळालेला नाही. तुलाही मिळणार नाही. कुठं मास्तरकी मिळत असेल तर घे बाबा. इथं बसू नको."

बोलला अन् अंग हलकं झालं. लगेच हिशेबही आठवला. गेले चाळीस रुपये, गेल्या महालक्ष्म्या, आणि सासऱ्यांना काय कळवायचं ते आता देवालाच ठाऊक.

गोपाळचा चेहरा उतरला. तो उठून उभाही राहिला. रंगरावनं त्याचा सदरा धरून त्याला खाली बसवलं.

"थांब ना बे," तो पोराला म्हणाला आणि चिंतामणकडे वळला. "साहेब, तुमाले काही देलं नाही, समजलं. पन तुमच्यापासून काही घेतलं तं नाही ना?"

"माझ्याकडून? नाही."

"मंग झालं तं." रंगरावचा जीव भांड्यात पडला. "खामगावचा एक वकील पोराले नुसतं बसू द्याचे तीनशे रुपये मांगून राह्यला. आधी पैसे ठेवा म्हने, मंग पोरगं आना. अन् हे मोठे वकील तं फुकटात काम शिकवून राह्यले. गोपाळ, पाया पड यायच्या."

"अहो काका, तसं नाही," चिंतामण घाईनं म्हणाला. पण तोवर पंच्याला हात पुशीत नारायणराव बाहेर आले होते. रंगरावनं दोडके पुढं केले. दोन वाक्यांत सगळं पक्कं झालं.

"चिंतामण, एक तारखेपासून तुझे चाळीस सुरू," वकील म्हणाले आणि दोडके घेऊन पुन्हा आत गेले. रंगराव मोटार गाठायला निघून गेला.

गोपाळ टेबलाशी आला. चिंतामणनं सरकून त्याला जागा करून दिली. शारदा येणार म्हणून त्याला आनंद होत होता, आणि तो होतो आहे याचीच त्याला लाज वाटत होती.

"तुम्ही तर म्हणाले, इथं पगार नाही," गोपाळ हळूच म्हणाला.

"नव्हता. तू बसलास म्हणून सुरू झाला."

गोपाळनं पिशवीतून शाईची बाटली काढून टेबलावर ठेवली. तो रागावला नाही. मग त्यानं विचारलं, "माझा कधी सुरू होईल?"

चिंतामणनं त्याच्याकडे न बघता सांगितलं, "तुझ्याखाली कोणी फुकट बसायला आला, म्हणजे."