जोडीतलं जोडीतच

श्रेयाने माइक हातात घेतला आणि तिच्या पहिल्याच वाक्याला अमिताच्या काळजात चर्र झालं.

"उस रात अस्पताल में मेरे पास कोई नहीं था," श्रेया म्हणाली.

वाक्य अमिताचं होतं.

चर्चच्या हॉलमध्ये आज शिबिराचा समारोप होता. संसारी माणसांनी आपली श्रद्धा दुसऱ्याला कशी सांगावी, याचं शिबिर. फादरांनी सुरुवातीलाच बजावलं होतं, कोणाला ओढून आणायचं नाही, वाद घालायचा नाही. कोणी विचारलं तर देव आपल्याला कधी भेटला, तेवढं खरं सांगायचं. त्यालाच साक्ष म्हणायचं. त्यासाठी जोड्या पाडल्या. एकीने सांगायचं, दुसरीने ऐकायचं, आणि जीभ वळेपर्यंत परत परत सांगायला लावायचं. जोडीतलं जोडीतच राहील, असं सगळ्यांनी बायबलवर हात ठेवून कबूल केलेलं. शहर हिंदीवाल्यांचं, शिबिरात मराठी बोलणाऱ्या दोघीच, म्हणून अमिता आणि श्रेयाची जोडी.

श्रेया जबलपूरहून नवीनच आलेली. विजय नगरला फ्लॅट, आयटीतली नोकरी, नवरा सदा दौऱ्यावर. बोलायला चटपटीत, पण साक्ष म्हणजे निव्वळ पाणी. कॅथलिक घरात जन्म, कॉन्व्हेंट, नोकरी, लग्न, सब बढिया. "ताई, माझ्या लाइफमध्ये यार काही झालंच नाही," म्हणून रडवेली व्हायची. अमिताला तिची कीव यायची. सख्ख्या आईलाही न सांगितलेलं तिने या पोरीसमोर बाहेर काढलं ते त्या मायेपोटीच.

अमिताचं पहिलं बाळ जन्मलं ते रडलंच नाही. डॉक्टर निघून गेले, नर्स निघून गेली. मग एक म्हातारी आया आली. तिने अंगावरची शाल काढून बाळाला गुंडाळलं, अमिताच्या मांडीवर दिलं आणि तिचा हात धरून उजाडेपर्यंत बसून राहिली. शब्द म्हणून बोलली नाही. देव म्हणतात तो हाच, हे अमिताला त्या खाटेवर कळलं. नवरा तिथे नव्हता, एवढंच तिने श्रेयाला सांगितलं होतं. कुठे होता ते सांगितलं नाही. घरातली अब्रू घरातच बरी.

खरं तर आजची साक्ष नवऱ्यासाठीच होती. सायमनने त्या रात्रीबद्दल कधी विचारलं नाही. तिने विषय काढला की उठून गच्चीवर जायचा. इथे बिशप समोर बसलेले, फादर दारात. इथून उठून जाणार कुठे? म्हणून तिने हातापाया पडून त्याला आणलं होतं आणि मागच्या रांगेत, घरच्यांच्या खुर्च्यांवर बसवलं होतं.

श्रेयाने सगळं सांगितलं. शाल सांगितली, म्हातारीचा हात सांगितला. सांगताना अमिताचा आवाज जिथे फुटायचा, नेमकी तिथेच तीही थांबली. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि कापणारीला वर टाळ्या. बिशपांनी चष्मा काढून डोळे पुसले. आता हेच अमिताने उठून सांगितलं तर लोक म्हणणार, बाईने नक्कल केली.

श्रेया येऊन शेजारी बसली. मग कानाशी पुटपुटली, "सॉरी ताई. माझ्याकडे काहीच नव्हतं ना. तुमच्याकडे दुसरं असेलच की काही."

अमिताला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

तेवढ्यात सायमन मागून तिच्या खुर्चीवर वाकला. रुमालाने नाक पुसत होता. त्याला रडताना अमिताने लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं. क्षणभर तिला वाटलं, ओळखलं याने. कोणाच्या का तोंडून होईना, पोचलं.

"बिचारी," तो म्हणाला. "अगदी आपल्यासारखंच झालं बघ. पण हिच्याजवळ नवरासुद्धा नव्हता. आपल्या वेळी निदान मी तरी होतो."

तो खोटं बोलत नव्हता. इतक्या वर्षांत त्याला खरंच तसं वाटायला लागलं होतं. श्रेयाने गोष्ट चोरली ती आज. याने कधीच चोरली होती, आणि तिला पत्ताही नव्हता.

फादरांनी तिचं नाव पुकारलं. ती उठली. सगळ्यांनी हिंदीत बोलायचं ठरलेलं. तिने माइक धरला आणि मराठीत सुरुवात केली. बिशप कान देऊन ऐकू लागले, त्यांना काही कळेना. हॉलमध्ये तिच्याखेरीज ते कळणारी माणसं दोनच होती, श्रेया आणि सायमन.

"श्रेयाने सगळं बरोबर सांगितलं," अमिता म्हणाली. "नवरा कुठे होता, तेवढं राहिलं. तो देपालपुरात क्रिकेट खेळत होता. सकाळी कप घेऊन आला. तो कप आमच्या शोकेसमध्ये आहे. दर रविवारी मी पुसते."