बुडाखालचं नाव

मारितने कपाटातली शेवटची बाहुली उलटी करून पाहिली, तर तिच्याखालीही मारितचं स्वतःचं नाव नव्हतं. चिकटपट्टीवर आईच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘व्हर्ना’.

मिनेसोटातल्या त्या गावात म्हाताऱ्यांची ही पद्धतच होती. आपल्यामागे कुणाला काय द्यायचं, त्याचं नाव वस्तूच्या बुडाला चिकटवून मोकळं व्हायचं. मारितच्या आईने, आर्डिसबाईंनी, हौसेने जमवलेल्या चिनी मातीच्या बाहुल्यांखालीही अशीच नावं होती. दफनानंतरचं चर्चमधलं जेवण आटोपून लोक घरी आले, आपापली बाहुली कागदात गुंडाळून घेऊन गेले. पाद्रीबाईंना मेंढपाळीण मिळाली, पोस्टमनला बदकंवाली. ज्याच्याशी कुंपणावरून उभा दावा होता, त्या शेजाऱ्यालाही छत्रीवाली मुलगी मिळाली! पोटच्या एकुलत्या एका लेकीला मात्र काही नाही. मारितला फार लागलं. बाहुल्यांची तिला हौस नव्हती. पण जाताना आईला सगळं गाव आठवलं आणि आपण आठवलो नाही, हे तिला सहन होत नव्हतं.

आता आईची जुनी मैत्रीण व्हर्ना तेवढी मागे राहिली होती. ती स्वयंपाकघरात उरलेली हॅम सँडविचेस डब्यात भरत होती. मारितने बाहुली तिच्यापुढे ठेवली.

“घे मावशी, ही तुझी.” पण तिला राहवेना. “लहानपणी माझ्या हातून एक फुटली, तर आईने फाडकन थोबाडीत दिली होती. तिची खरी लेकरं कोण, ते तेव्हाच कळायला हवं होतं मला.”

“काहीतरीच बोलू नकोस.” व्हर्नाने हात पुसले आणि खुर्ची ओढली. “त्या थपडेपायी किती रडलीये ती माझ्यापुढे, ह्याच टेबलाशी बसून. नावं चिकटवताना मीच विचारलं, अगं, मारितची कुठली? तर म्हणे, एकही नाही.”

“पण का?”

व्हर्नाने तिचा हात हातात घेतला.

“म्हणाली, ‘मारितचा नातू आता रांगायला लागलाय. माझी आठवण म्हणून ती बाहुली जिवापाड जपेल. तो पोरगा एक दिवस ती फोडणार. आणि मग मारितचा हात उठेल गं, माझा उठला होता तसा.’”