नवा जिना

रेहानाने सकाळी विचारले, "अब्बा, तारा आज चढवू का?" अब्बांचे "चढव" आले तेव्हा दिवेलागण झाली होती. मिरजेत तंबोरे घडवणारे तिचे अब्बा जाऊन सात वर्षे झाली होती. त्यांचे मन आता संगणकातल्या एका व्हर्च्युअल मशीनमध्ये राहत होते आणि सात वर्षांत बापलेकीचे धड बोलणे झाले नव्हते.

"आठवणींची डिस्क जुन्या कंट्रोलरवर आहे," ते मशीन सांभाळणाऱ्या केंद्रातले कदमकाका म्हणाले. "म्हणजे अरुंद जिना. एकेक आठवण सावकाश उतरते."

"मग नवा लावा ना!"

"अचानक लावला, तर त्यांना तो जिना म्हणून ओळखूच येणार नाही. जागे होतील, पण तूसुद्धा आठवणार नाहीस."

"नको मग. आहे तेच बरंय."

"ऐक तर खरं. आधी नव्या कंट्रोलरवर एक रिकामी डिस्क जोडू, म्हणजे वर एक रिकामी खोली. तिथं ये-जा करून जिना त्यांच्या पायाखालचा होईल. मग आठवणी त्याच्यावर आणू."

आठवडाभर अब्बा त्या रिकाम्या खोलीत हिंडत राहिले. "इथं षड्ज छान घुमतो," एवढेच एकदा म्हणाले.

आठव्या दिवशी काकांनी आठवणींची डिस्क नव्या कंट्रोलरला जोडली. पडदा काळा झाला, मग हळूहळू उजळला.

"अब्बा, मी कोण?" तिने भीतभीत विचारले.

"घाईनं भोपळे उन्हात वाळवून तडकवणारी रेहाना," उत्तर लगेच आले. "आवाज असा का गं? रडतेस?"

या वेळी उत्तराला वेळ तिला लागला.