नानांचं काय राहिलं

कावळा काही केल्या शिवेना.

तापीच्या काठावर ऊन चढलं, पिंडाचा भात वाळायला लागला, तरी बाभळीवरचा कावळा जागचा हलेना. हितेंद्र चकोट केलेल्या डोक्यानं, उघड्या अंगानं हात जोडून उभा होता. बापापुढं त्यानं काय काय कबूल केलं नाही? आईला अंतर देणार नाही म्हणाला, गावातलं घर विकणार नाही म्हणाला. कावळ्यानं चोच पंखात घातली.

हितेंद्रचे चुलते भटूकाका म्हणाले, "अरे, त्यांचा सगळा जीव पोरांच्या शिक्षणात. शिष्यवृत्तीचं बोला."

हे सगळ्यांना पटलं. पटणारच. जीवरामनाना म्हणजे गावातला पहिला ग्रॅज्युएट. दीपनगरच्या वीज केंद्रात जन्मभर नोकरी केली, पण पगार घरी कमी आणि परक्या पोरांच्या फीत जास्त गेला. स्वतःला नवा शर्ट म्हणून घेतला नाही. त्यांनी शिकवलेली पोरं कुणी डॉक्टर झाली, कुणी तहसीलदार. आज वर रस्त्यावर गाड्या लावून ती सगळी उन्हात उभी होती. एकेक जण पुढं येत गेला. नाना, शिष्यवृत्ती बंद पडणार नाही. नाना, तुमच्या नावानं संस्था काढू. बोलताना रडत होते, आणि खोटं कुणीच रडत नव्हतं.

शेवटी सुनिता पुढं झाली. आता दीपनगरलाच इंजिनिअर आहे ती. बारावीपर्यंत नानांच्या मयुरीशेजारी बसायची आणि गणितं तिचीच बघून उतरवायची. "नाना, मी आहे ना," एवढंच म्हणाली आणि हात जोडून बाजूला झाली.

कावळा ढिम्म.

मयुरी बायकांच्या मागं उभी होती. नानांची एकुलती एक लेक. सासरी कापूस वेचून वेचून बोटांना चिरा पडलेल्या. बारावीच्या निकालानंतर नानांनी तिला जवळ बसवलं होतं. दोघींचं एकदम झेपणार नाही म्हणाले. "तुझ्यामागं बाप आहे बेटा. सुनितामागं कोण आहे?" पुढच्या वर्षी तुझं बघू, असंही म्हणाले. पुढच्या वर्षी शिंदखेड्याचं स्थळ आलं. स्थळ वाईट नव्हतं, माणूसही वाईट नव्हता, म्हणून तर बोलायला जागाच राहिली नाही. नंतर दरवर्षी शिष्यवृत्तीच्या कार्यक्रमाला नाना तिला हौसेनं बोलवायचे, पुढच्या रांगेत बसवायचे. ती टाळ्या वाजवायची.

"मयुरी, तू बोल गं," भटूकाका म्हणाले. "लेकीत जीव अडकतो माणसाचा."

लोकांनी वाट करून दिली. ती पिंडापाशी गेली आणि इतक्या वर्षांचं सगळं ओठांवर आलं. बाप होता म्हणून मी राहिले, नाना. बाप नसता तर शिकले असते. हे एकदा तरी त्यांना तोंडावर म्हणायचं होतं. संक्रांतीला म्हणू, दिवाळीला म्हणू, असं करत राहूनच गेलं. आता सगळे तिच्याकडे बघत होते. सुनिता तर हात जोडून.

"माझं काही राहिलं नाही, नाना," मयुरी म्हणाली. "तुम्ही निवांत जा."

बाभळीची फांदी हलली. कावळा उडाला, पिंडावरून एक घिरटी घातली आणि नदीपलीकडं निघून गेला.

मग गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला शिववला, आणि माणसं आंघोळीला पाण्यात उतरली. सुनितानं येऊन मयुरीचा हात धरला. मयुरीनं तो धरू दिला.

नाना गेल्यापासून त्यांची बायको धुरपदाबाई कुणाशी धड बोलली नव्हती. ती लेकीजवळ आली, तिचा घसरलेला पदर डोक्यावर सारखा केला.

"खोटं बोलनी तू, बेटी," ती हळूच म्हणाली. "तुन्हा बापले समजस."