नवसू भगताची पुडी

"टाकल्या," सरू म्हणाली. "तुमच्या गोळ्या पहिल्याच दिशी व्हाळात टाकल्या मी, डाक्टर. आज तोंडावर सांगते."

उल्हासनगरच्या दवाखान्यात डॉ. तोलानी बाळीचं मनगट धरून घड्याळाकडे बघत होते. त्यांनी मानही वर केली नाही. "ब्याऐंशी," ते म्हणाले. "दिवाळीला एकशे चाळीस होते."

सरूला आकडे कळत नव्हते, पण पोर कळत होती. अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीत बारवीकडच्या पाड्यावरून तिने बाळीला इथे आणलं, तेव्हा पंधरा वर्षांची पोर दोन माणसांचं जेवायची आणि तरी वाळत चालली होती. डोळे खोबणीबाहेर, गळा सुजलेला. हात असे थरथरायचे की डोक्यावरचा हंडा धरवत नव्हता. गळ्यातली ग्रंथी जास्त काम करतेय, औषध चुकवलंत तर पोरीचं हृदय दगा देईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

सरूने मान डोलावली आणि परतीच्या वाटेवर गोळ्या पाण्यात सोडल्या. बाहेरची बाधा असताना डॉक्टरचं औषध पोटात गेलं की बाधा चवताळते, हे पाड्यावरचं शेंबडं पोरही सांगेल. एकुलत्या एक लेकीच्या जिवाशी खेळ कोण करणार?

ती गेली नवसू भगताकडे. त्याने तांदूळ टाकून पाहिले, डॉक्टर काय म्हणाला तेही खोदून खोदून विचारलं. दोन दिवस म्हातारा पाड्यावर दिसला नाही. आला तो अंगाऱ्याच्या पुड्या घेऊनच. दिवसातून तीनदा, मधातून. शिवाय दर अमावस्येनंतर पोर त्याच डॉक्टरला दाखवायची, रक्त काढू द्यायचं.

"बघू दे त्याला, कोणाची इद्या चालते ती," नवसू म्हणाला होता.

आणि चालली की! बाळी अंगाने भरली, हात थांबले. गेल्या महिन्यात मामाच्या लग्नात पहाटेपर्यंत नाचली आणि छातीला हातसुद्धा लावला नाही. दुसऱ्या खेपेपासून डॉक्टरांनी गोळ्यांचं नावच काढलं नव्हतं. हरला बिचारा, असं सरूने तेव्हाच ओळखलं होतं.

"पुडी बंद नाही केली ना, बाई?" डॉक्टरांनी विचारलं.

"छ्या! अजून आठ अमावस्या खायची हाय."

"एक दिन पण चुकवू नका. गळा दुखला, ताप आला, तर लगेच इकडे या."

सरूला हसू आवरेना. शिकलासवरलेला माणूस, तोच आता भगताच्या पुडीची काळजी करायला लागला!

"नवसूबाबाच्या पाया पडा एकदा," ती म्हणाली.

"पडतो ना," डॉक्टर म्हणाले.

बाळी दोन दोन पायऱ्या उतरत पुढे पळाली. तिच्यामागून सरू निघाली. इतकी ताठ मानेने ती आपल्या लग्नातही चालली नव्हती. पोर जगली होती, आणि तीही आईच्या हिकमतीने. अख्ख्या बाजाराला ओरडून सांगावं असं तिला वाटत होतं.

त्या दिसेनाशा झाल्यावर डॉक्टरांनी आतल्या खोलीचा पडदा सरकवला. मांडीवर राखेचा डबा घेऊन नवसू भगत स्टुलावर बसला होता.

"बाळीच्या गोळ्या हमेशासारख्या राखेत कुटून द्या, डाक्टर," तो म्हणाला. "माझ्या नातीच्या मात्र तशाच द्या."