पेन्सिलची छाप

क्षितिजाला आधी वाटलं, पेन्सिलच बोथट आहे. तिने नवा कागद घेतला, इंजिनामागच्या पत्र्यावर घट्ट दाबून धरला आणि कोरलेल्या आकड्यांवरून पेन्सिल पुन्हा आडवी घासली. छाप आणखी स्वच्छ उठली. शेवटी सात-चार-दोन. आरसी बुकात शेवटी नऊ-शून्य-आठ होतं, आणि मधलेही आकडे जुळत नव्हते.



बावीस वर्षांची मारुती. पंधरा वर्षं भरली तेव्हापासून मीरा रोडच्या या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली पडून. पासिंगचं नाव काढलं की बाबा विषय बदलायचा. गेले आठ महिने क्षितिजा हिच्यामागे हात धुऊन लागली होती. गंज खरवडला, पत्रे घासले, ब्रेक बदलले, नवा लाल रंग मारून घेतला. बारावीचं वर्ष आणि पोरगी गाडीखाली, म्हणून नाकं मुरडणारी मंडळी आता येता-जाता थांबून बघत होती. सकाळीच तिसऱ्या मजल्यावरची हिना म्हणून गेली, "एकदम नई कर दी तूने." अठरा पूर्ण झाली की गाडी तुझी, असं बाबाने कबूल केलं होतं. उद्या पासिंग. फॉर्मवर चेसिस नंबरची पेन्सिलने काढलेली छाप लागते, तेवढीच राहिली होती.

तो नंबर सापडायलाच तिला अर्धा तास लागला, कारण त्यावर शेंदराचा जाड थर होता. लोक दसऱ्याला गाडीला हार घालतात, बॉनेटवर स्वस्तिक काढतात. बाबा बॉनेट उघडून तेलात कालवलेला शेंदूर आत थापायचा. मारुतीला शेंदूरच लागतो, म्हणायचा. एरवी देवाधर्माशी त्याचं वाकडं. गणपतीच्या आरतीलाही हा माणूस दाराशी उभा. पण ही पूजा एकाही वर्षी चुकली नाही, आणि आईला त्याचं कोण कौतुक.

दरवर्षी, नेमकं त्याच जागी.

पंढरीनाथ, म्हणजे तिचा बाबा, जिन्यावरून जवळजवळ धावतच खाली आला. पायात दोन वेगवेगळ्या चपला. "अगं, मी एजंटला सांगितलंय ना? तो करेल सगळं. तू कशाला..."

मग त्याची नजर खरवडलेल्या पत्र्यावर गेली.

"बाबा, नंबर जुळत नाहीये."

कुठला नंबर, असं त्याने विचारलं नाही. क्षितिजाला जे कळायचं ते तिथेच कळलं.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"घेतली तेव्हा नव्हतं माहीत. तुझी शपथ. सेकंडहँड घेतली, कागद बघून घेतली. तीन वर्षांनी एका गॅरेजवाल्याने दाखवलं. कागद भलत्याच गाडीचे, भंगारात गेलेल्या. गाडी वेगळीच."

"म्हणजे चोरीची."

"हळू बोल," बाबा म्हणाला आणि त्याने गेटकडे बघितलं.

हे 'हळू बोल' तिला कानफटात बसल्यासारखं लागलं. रात्रीच्या रिकाम्या रस्त्यावरही लाल सिग्नलला थांबणारा माणूस हा. शेजारच्यांचं पार्सल चुकून आपल्याकडे आलं, तर जेवणावरून उठून देऊन येणारा. चौथीत तिने वर्गातल्या दिव्याची कंपासपेटी घरी आणली, तर भर पावसात तिच्या घरी नेऊन माफी मागायला लावणारा. तिला रागही येईना. नुसती लाज वाटत होती, आणि ती नक्की कुणाची हेही कळत नव्हतं.

"पोलिसांत का नाही गेलास?"

"गाडी गेली असती, क्षितू. आजीचं डायलिसिस चालू होतं तेव्हा. आठवड्यातून दोनदा न्यायचं, दोनदा आणायचं. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो. मग आजी गेली. आणि तोवर इतका उशीर झाला, की आता कुठल्या तोंडाने जाणार?"

"आणि ज्याची होती तो?"

बाबाने खिशातून रुमाल काढला आणि उगाचच बॉनेटची कड पुसायला लागला. कड आधीच लखलखत होती.

"सीटखाली त्याची कार्डं सापडली होती. टेलर आहे, केबिन रोडला. दुकान खाली, घर वर." तो थांबला. "गेलो होतो मी त्याच्याकडे."

क्षितिजाचा जीव थोडा भांड्यात पडला. चला, गेला तरी होता. "मग?"

"जिन्यातच भेटला. म्हाताऱ्या वडिलांना खुर्चीत बसवून खाली आणत होता, एकटा. त्यांनाही दवाखान्यातच जायचं होतं. मी खुर्चीची दुसरी बाजू धरली. दोन मजले उतरवलं. खाली एक रिक्षा थांबेना, तर मीच मधोमध उभा राहून थांबवली. देवासारखे भेटलात, म्हणाला. हात जोडले त्याने मला."

"आणि तू सांगितलं नाहीस."

"नाही सांगितलं."

क्षितिजाने छापेचा कागद फाडला नाही, फॉर्मलाही चिकटवला नाही. हातात तसाच धरून ठेवला.

"गेला होतास कसा?"

"हीच घेऊन. किल्ली त्याच्या हातात ठेवायची आणि चालत घरी यायचं, असं ठरवूनच निघालो होतो. खरंच सांगतो."

"त्याच्या दुकानासमोर लावली होतीस?"

पुसणारा हात थांबला. बाबाने तिच्याकडे बघितलं नाही.

"मागच्या गल्लीत," तो म्हणाला.